सरकारी पैसा चुकीचा खर्च झाला, तर तो परत कोण आणू शकतं?

समजा, एका गावात पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून ८ लाखांचं बंदिस्त गटार झालं. कागदावर १५० मीटर, जमिनीवर ९० मीटर. बिल मात्र पूर्ण निघालं. गावातली चार जाणती माणसं एकत्र बसून तक्रार अर्ज लिहितात. 'प्रति' म्हणून मुख्यमंत्र्यांपासून गटविकास अधिकाऱ्यांपर्यंत सगळ्यांची नावं, आणि खाली मागणी एकच : सखोल चौकशी करून दोषींवर कठोर कारवाई करावी. हा अर्ज मंत्रालयातून विभागीय आयुक्तांकडे, तिथून जिल्हा परिषदेत, तिथून पंचायत समितीत उतरत येतो. शेवटी ज्याच्या देखरेखीखाली काम झालं, त्याच अधिकाऱ्याच्या टेबलावर चौकशीसाठी पडतो. काही महिन्यांनी 'आपला अर्ज निकाली काढण्यात आला आहे' असं दोन ओळींचं पत्र येतं.

यावरून लोक म्हणतात, कायद्यातच दम नाही. मला हे पटत नाही. कायद्यात अधिकार भरपूर आहेत, पण ते एका हातात नाहीत. चूक शोधायचा अधिकार एकाकडे आहे, जाब विचारायचा दुसऱ्याकडे, पैसे वसूल करायचा तिसऱ्याकडे, पदावरून काढायचा चौथ्याकडे आणि तुरुंगात पाठवायचा पाचव्याकडे. 'कठोर कारवाई' असं मोघम मागितलं की पाचही जण ते दुसऱ्याचं काम आहे असं म्हणू शकतात, आणि कायद्याने ते चुकीचंही नसतं. या पाचांपैकी वसुलीच्या अधिकाराबद्दल सर्वांत कमी बोललं जातं. पैसे वसूल करायला लाच घेतल्याचं सिद्ध करावं लागत नाही, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. या लेखाचा भर त्यावरच आहे. पण आधी मुळाशी जाऊ.

तिजोरीतून पैसा निघतो कसा

राज्यघटनेच्या अनुच्छेद २६६ प्रमाणे राज्याला मिळणारा कर आणि इतर महसूल एकत्रित निधीत जमा होतो. कायद्याने मंजुरी दिल्याशिवाय त्या निधीतून एक रुपयाही काढता येत नाही. दर वर्षी अर्थसंकल्प मांडून झाला की विनियोजन विधेयक मंजूर होतं, ते याचसाठी. मधे पैसे कमी पडले तर अनुच्छेद २०५ खाली पुरवणी मागण्या आणाव्या लागतात. अधिवेशनात पहिल्या दिवशी 'एवढ्या कोटींच्या पुरवणी मागण्या सादर' अशी बातमी येते ती हीच. म्हणजे पैसा मंत्र्यांचा नाही आणि सचिवांचाही नाही. तो विधिमंडळाने ठरावीक कामासाठी, ठरावीक मर्यादेत खर्चायला दिलेला असतो. दिलेल्याचा हिशेब घेण्याचा हक्क विधिमंडळाला तिथूनच मिळतो.

खर्च करणाऱ्या अधिकाऱ्याने कसं वागावं, तेही लिहून ठेवलेलं आहे. केंद्राच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांतला २१ वा नियम सांगतो की सर्वसाधारण शहाणा माणूस स्वतःचा पैसा खर्च करताना जेवढी काळजी घेतो, तेवढी काळजी सरकारी पैसा खर्च करताना घेतली पाहिजे. आपल्याकडे मुंबई वित्तीय नियम, १९५९ आहेत आणि त्यांचा रोखही हाच आहे. स्वतःच्या लबाडीमुळे किंवा निष्काळजीपणामुळे सरकारचं नुकसान झालं तर कर्मचारी व्यक्तिशः जबाबदार असतो. दुसऱ्याने केलेली लबाडी आपल्या निष्काळजीपणामुळे शक्य झाली असेल, तर तेवढ्या प्रमाणात तोही जबाबदार ठरतो. 'मी फक्त सही केली' हा बचाव इथे टिकत नाही. सही ही औपचारिकता नाही, ती जबाबदारी आहे, असं हे नियम मानतात.

कॅग शोधतो, लोकलेखा समिती विचारते

भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक, म्हणजे वर्तमानपत्रातला 'कॅग'. अनुच्छेद १४८ ने या पदाला मोठं संरक्षण दिलं आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांना हटवायची जी पद्धत, तीच यांना हटवायची. निवृत्तीनंतर त्यांना केंद्राच्या किंवा राज्याच्या नोकरीत जाता येत नाही. पुढच्या नेमणुकीच्या आशेने लेखणी मऊ होऊ नये, असा घटनाकारांचा विचार त्यामागे आहे. १९७१ च्या कायद्याने कॅगला कोणत्याही सरकारी कार्यालयात जाऊन हिशेब तपासण्याचा, कागद मागवण्याचा आणि प्रश्न विचारण्याचा अधिकार दिला आहे. महाराष्ट्रात हे काम मुंबई आणि नागपूर इथल्या महालेखापाल कार्यालयांतून चालतं.

पथक कार्यालयात येतं, नस्त्या चाळतं, शंका आली की लेखी विचारणा करतं. समाधानकारक उत्तर मिळालं नाही की तो मुद्दा निरीक्षण अहवालात जातो. त्यातले गंभीर मुद्दे वर्षाच्या अहवालात परिच्छेद म्हणून येतात. अनुच्छेद १५१ प्रमाणे राज्याबद्दलचा अहवाल राज्यपालांकडे जातो आणि ते तो विधिमंडळापुढे ठेवायला लावतात. बहुतेक वेळा हे अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी घडतं, त्यामुळे सभागृहात त्यावर चर्चाच होत नाही. ही सवय वाईट आहे. ज्या पैशाची मंजुरी सभागृहाने दिली, त्याचा हिशेब सभागृहाने ऐकायला एक पूर्ण दिवस तरी काढायला हवा.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. कॅगने आक्षेप घेतला म्हणजे गुन्हा सिद्ध झाला, असं नसतं. केर्न या तेल कंपनीच्या वेदांताशी झालेल्या व्यवहाराच्या प्रकरणात २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं. कॅगच्या अहवालावर संसदेत चर्चा होऊ शकते, लोकलेखा समिती (सरकारी खर्चाचा हिशेब तपासणारी सभागृहाच्या सदस्यांची समिती) तो मान्य करू शकते किंवा अमान्यही करू शकते, असं न्यायालयाने म्हटलं. कॅग दंड करत नाही, निलंबन करत नाही, गुन्हा नोंदवत नाही. तो पुरावा मांडतो.

पुढचं काम लोकलेखा समितीचं. संसदेच्या लोकलेखा समितीचं अध्यक्षपद १९६७ पासून विरोधी पक्षाकडे देण्याचा संकेत आहे. समिती खात्याच्या सचिवाला साक्षीला बोलावते. हे फार महत्त्वाचं आहे, कारण एरवी सभागृहात उत्तर देतो तो मंत्री, पण इथे नस्तीवर सही करणाऱ्या प्रशासनाला स्वतः बसून उत्तर द्यावं लागतं. मात्र समितीही शेवटी शिफारसच करते. जबाबदारी निश्चित करा, रक्कम वसूल करा, असं ती सांगते आणि ते करायचं काम पुन्हा त्याच खात्याकडे जातं.

महाराष्ट्र विधिमंडळात लोकलेखा समितीच्या जोडीला पंचायती राज समिती आहे. स्थानिक संस्थांच्या हिशेबावरचे आक्षेप तिच्यापुढे येतात. 'पीआरसी' जिल्ह्यात येणार म्हटल्यावर जिल्हा परिषदेत जी धावपळ उडते, ती पाहिलेल्या कोणालाही समितीचा धाक खरा आहे हे कळतं. एरवी सापडत नाहीत असे कागद त्या आठवड्यात सापडतात.

गावचा हिशेब तपासतो कोण

आता आपल्या गटाराकडे येऊ. ग्रामपंचायतीच्या हिशेबाची मुख्य तपासणी कॅग करत नाही. अनुच्छेद २४३-ञ ने पंचायतींच्या लेखापरीक्षणाची व्यवस्था राज्याच्या कायद्यावर सोपवली आहे. महाराष्ट्रात ती स्थानिक निधी लेखापरीक्षा संचालनालयाकडे आहे, आणि ते राज्याच्या वित्त विभागाखाली चालतं. जिल्हा परिषदा, पंचायत समित्या, ग्रामपंचायती, नगरपालिका अशा संस्था त्यांच्या तपासणीत येतात.

हे काम ज्या कायद्याखाली चालतं तो आहे १९३० चा, मुंबई इलाख्याच्या काळातला स्थानिक निधी लेखापरीक्षा अधिनियम. जवळजवळ शंभर वर्षं जुना हा कायदा मला आपल्याकडच्या सर्वांत कामाच्या कायद्यांपैकी एक वाटतो, कारण त्यात वसुलीचा थेट मार्ग आहे. लेखापरीक्षकाने अहवालात काय काय नमूद केलं पाहिजे, हे त्यात सांगितलं आहे : कायद्याला सोडून केलेला खर्च, घोर निष्काळजीपणामुळे किंवा गैरवर्तनामुळे झालेलं नुकसान, आणि जमा व्हायला हवी होती पण हिशेबात आलीच नाही अशी रक्कम. अहवाल मिळाल्यावर संस्थेने दोष दूर करायचे असतात. ते झाले नाहीत तर बेकायदा खर्चाची किंवा नुकसानीची रक्कम संबंधित व्यक्तीवर बसवण्याचा अधिकार विभागीय आयुक्तांना आहे. त्या व्यक्तीला आधी म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते आणि आदेशाविरुद्ध दादही मागता येते. एवढं होऊन आदेश कायम राहिला, तर ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करता येते. म्हणजे गरज पडली तर मालमत्तेवर टाच.

लेखापरीक्षा कार्यालयात अशा प्रकरणांना 'भार-अधिभार' प्रकरणं म्हणतात. तक्रार करणाऱ्याने हा शब्द लक्षात ठेवावा.

आपल्या उदाहरणात १५० मीटरला ८ लाख, म्हणजे न झालेल्या ६० मीटरचे ३ लाख २० हजार रुपये. हे पैसे कोणाच्या खिशात गेले, कोणी किती टक्के घेतले, ठेकेदार कोणाचा नातेवाईक, यातलं काहीही शोधून काढायची इथे गरज नाही. मोजमाप पुस्तिकेत १५० मीटर कोणी लिहिलं? शाखा अभियंत्याने. त्या मोजमापावर देयक कोणी पास केलं? पैसे ठेकेदाराच्या खात्यात जाताना सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचा ग्रामसेवक) या दोघांच्या डिजिटल सह्या झाल्या. जागेवर जाऊन फीत लावली की फरक दिसतो. न झालेल्या कामाचे पैसे दिले गेले, एवढं सिद्ध झालं की घोर निष्काळजीपणाचा पाया तयार. लाच सिद्ध करायला साक्षीदार लागतात, सापळा लागतो, खुणा केलेल्या नोटा लागतात. इथे पुरावा रस्त्याच्या कडेला पडलेला असतो आणि सह्या कार्यालयाच्या कपाटात.

मग अशी प्रकरणं शेवटापर्यंत का पोचत नाहीत? कारणं दोन-तीन आहेत आणि ती समजून घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

पहिलं म्हणजे दप्तर. तपासणीच्या वेळी मोजमाप पुस्तिकाच मिळत नाही, रोकडवही अपूर्ण असते, आधीच्या ग्रामसेवकाने बदली होताना कार्यभार नीट दिलेला नसतो. अशा वेळी अहवालात 'अभिलेख तपासणीस उपलब्ध करून दिले नाहीत' एवढंच वाक्य येतं आणि रक्कम ठरत नाही. माझ्या मते दप्तर न देणं हा मूळ गैरव्यवहाराइतकाच गंभीर प्रकार मानला पाहिजे, कारण तो बाकी सगळ्यावर पांघरूण घालतो.

दुसरं कारण एका वाक्यात आहे. अहवालातले कित्येक परिच्छेद 'जबाबदारी निश्चित करून वसुली करावी' असं म्हणून संपतात. वाचायला हे ठाम वाटतं. पण आयुक्तांना रक्कम बसवायची तर नाव लागतं, पद लागतं, त्या व्यक्तीचा कार्यकाळ लागतो, आकडा लागतो. ते सगळं ठरवण्याचं काम अहवाल पुन्हा जिल्हा परिषदेकडे ढकलतो, आणि जिल्हा परिषद पंचायत समितीकडे. त्या एका वाक्यात हजारो रुपये, कधी लाखो, वर्षानुवर्षं अडकून राहतात. दर वर्षीच्या अहवालात मागच्या वर्षांचे प्रलंबित मुद्दे जोडले जातात, यादी लांबते, माणसं निवृत्त होतात.

आणि तिसरं, वर सांगितलं तसं, हे संचालनालय सरकारच्याच एका विभागाखाली आहे. कॅगला घटनेचं जे कवच आहे ते त्याला नाही. तिथे प्रामाणिकपणे काम करणारे लेखापरीक्षक आहेत. पण एका अधिकाऱ्याच्या धैर्यावर सगळी व्यवस्था उभी असावी, हे त्या अधिकाऱ्यावरही अन्यायकारक आहे.

पद जाणं आणि पगारातून कापलं जाणं

सरपंचाला किंवा सदस्याला हटवण्याचा मार्ग महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम ३९ मध्ये आहे. कर्तव्यात गैरवर्तन, कामात टाळाटाळ, असमर्थता अशी कारणं तिथे दिली आहेत. जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी नोटीस देऊन चौकशी करतात आणि निर्णय विभागीय आयुक्त घेतात. त्यावर राज्य सरकारकडे अपील करता येतं. गावातली बहुतेक भांडणं याच कलमाखाली लढली जातात, कारण त्यात राजकीय फायदा दिसतो. पण सरपंच गेला म्हणून ३ लाख २० हजार परत येत नाहीत. वसुलीची मागणी वेगळी करावीच लागते.

कर्मचाऱ्यांचा प्रश्न वेगळ्या नियमांत आहे. राज्य सरकारी नोकरांना महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ लागू होतात. जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांसाठी १९६४ चे स्वतंत्र नियम आहेत. निष्काळजीपणामुळे झालेलं नुकसान पगारातून वसूल करणं ही या नियमांतली मान्य शिक्षा आहे. फौजदारी खटला चालू असला तरी विभागीय चौकशी थांबवायलाच हवी असं नाही, दोन्ही एकाच वेळी चालू शकतात. दोन्हीकडे पुराव्याची पातळीही वेगळी असते. खटल्यात गुन्हा संशयापलीकडे सिद्ध करावा लागतो. विभागीय चौकशीत घटना घडली असण्याची शक्यता जास्त आहे, एवढं पुरतं. म्हणून खटल्यातून सुटलेला माणूस चौकशीत दोषी ठरू शकतो.

इथे एक घड्याळ चालू असतं आणि तक्रारदारांना त्याची कल्पना नसते. निवृत्तिवेतन नियम, १९८२ मधला २७ वा नियम निवृत्त कर्मचाऱ्याच्या निवृत्तिवेतनातून वसुलीची मुभा देतो. पण निवृत्तीनंतर नव्याने चौकशी सुरू करायची असेल, तर घटना त्याआधीच्या चार वर्षांतली असावी लागते. लेखापरीक्षण दोन-तीन वर्षं मागे पडलं, पूर्ततेच्या पत्रव्यवहारात आणखी एक वर्ष गेलं, की संबंधित माणूस या नियमाच्या कक्षेबाहेर निघून जातो. उशीर म्हणजे नुसती ढिलाई नाही. काहींसाठी तो सुटकेचा रस्ता असतो.

फौजदारी बाजू आणि परवानगीचं कुलूप

सरकारी सेवकाने विश्वासाने सोपवलेल्या पैशाचा अपहार केला, तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम ३१६(५) लागू होतं. पूर्वीचं भारतीय दंड संहितेचं कलम ४०९ ते हेच. शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते. शिवाय १९८८ चा भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा आहे आणि तपासाला लाचलुचपत प्रतिबंधक विभाग आहे, त्याचा टोल फ्री क्रमांक १०६४.

अडथळा परवानगीचा आहे. २०१८ च्या दुरुस्तीने भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात कलम १७-क आलं. अधिकाऱ्याने पदावर असताना घेतलेल्या निर्णयाबद्दल किंवा केलेल्या शिफारशीबद्दल तपास सुरू करण्याआधीच सरकारची मान्यता घ्यावी लागते. लाच घेताना रंगेहाथ पकडलं तर ती लागत नाही. नंतर खटल्यासाठी कलम १९ खाली वेगळी मंजुरी. तिचा निर्णय तीन महिन्यांत, आणि कायदेशीर सल्ला हवा असेल तर आणखी एका महिन्यात, घ्यावा असं कायदा म्हणतो.

परवानगीच्या या प्रश्नाला महाराष्ट्राचा मोठा इतिहास आहे. तत्कालीन मुख्यमंत्री बॅ. अ. र. अंतुले यांच्यावरच्या सिमेंट प्रकरणातून १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे दोन निर्णय आले. एकात न्यायालयाने म्हटलं की आरोपी त्या पदावर उरला नसेल तर खटल्याला मंजुरी लागत नाही. दुसऱ्यात म्हटलं की भ्रष्टाचाराच्या गुन्ह्याची तक्रार पोलिसांनीच आणली पाहिजे असं नाही, सामान्य नागरिकही ती विशेष न्यायालयात दाखल करू शकतो. २०१८ च्या दुरुस्तीने पहिल्या निर्णयाचा फायदा काढून घेतला. आता निवृत्त किंवा माजी लोकसेवकांनाही मंजुरीचं संरक्षण आहे. प्रामाणिक अधिकाऱ्याला खोट्या तक्रारींपासून जपलं पाहिजे, हे मला मान्य आहे. घाबरलेला अधिकारी सहीच करत नाही आणि गावाचं काम अडतं. पण तपास सुरू होण्याआधीच कुलूप आणि त्याची किल्ली सरकारकडेच, ही रचना मला घातक वाटते.

सगळ्याच गुन्ह्यांना हे कुलूप लागत नाही, हेही माहीत असावं. खोटी कागदपत्रं तयार करणं आणि सार्वजनिक पैशाचा अपहार करणं हे लोकसेवकाच्या कर्तव्याचा भाग असूच शकत नाही, म्हणून त्याला तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १९७ खालची पूर्वमंजुरी लागत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये सांगितलं आहे. खोटं मोजमाप लिहिणं याच वर्गात मोडतं. जिथे अशी मंजुरी लागतेच, तिथेही त्या संहितेच्या जागी आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेने मुदत घातली आहे. सरकारने १२० दिवसांत निर्णय घेतला नाही तर मंजुरी दिली असं धरलं जातं.

जळगावच्या घरकुल प्रकरणाने या मार्गाची ताकद आणि दमछाक, दोन्ही दाखवली. गरिबांसाठीच्या घरांच्या योजनेतल्या गैरव्यवहाराबद्दल महापालिकेच्या तत्कालीन आयुक्तांनी फेब्रुवारी २००६ मध्ये फिर्याद दिली. धुळ्याच्या विशेष न्यायालयाचा निकाल आला ३१ ऑगस्ट २०१९ ला. ४८ जण दोषी ठरले, त्यात दोन माजी मंत्री होते, आणि त्यांच्यापैकी एकाला ७ वर्षांची शिक्षा आणि १०० कोटींचा दंड झाला. निकालाविरुद्ध उच्च न्यायालयात अपिलं गेली. एका आयुक्ताने ठाम राहून फिर्याद दिली म्हणून एवढं घडलं. पण फिर्यादीपासून निकालापर्यंत साडेतेरा वर्षं गेली, आणि ज्यांच्यासाठी ती घरं होती त्यांची एक पिढी वाट पाहत मोठी झाली.

मंत्र्याला स्वतःच्या खिशातून भरायला लावता येतं का? सर्वोच्च न्यायालयाने एकदा तो प्रयत्न केला होता. पेट्रोल पंपांच्या मनमानी वाटपाबद्दल १९९६ मध्ये न्यायालयाने माजी केंद्रीय मंत्री सतीश शर्मा यांना ५० लाख रुपये भरायचा आदेश दिला. १९९९ मध्ये पुनर्विलोकनात न्यायालयानेच तो मागे घेतला. अधिकाऱ्यांबाबत मात्र १९९३ चा लखनौ विकास प्राधिकरणाचा निकाल उपयोगी पडतो. अधिकाऱ्याच्या मनमानीमुळे नागरिकाला भरपाई द्यावी लागली, तर तो भार करदात्यावर न टाकता जबाबदार अधिकाऱ्याकडून वसूल करावा, असं त्यात म्हटलं आहे.

राज्यात लोकायुक्तही आहेत. ही संस्था प्रत्यक्ष सुरू करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य, कायदा १९७१ चा, कामकाज १९७२ पासून. या कायद्याखाली लोकायुक्त चौकशी करून शिफारस करतात, अंमलबजावणी सरकारने करायची असते.

गावाच्या हातात काय आहे

ग्रामपंचायत अधिनियमाचं कलम ८ काढून वाचा. आर्थिक वर्षातल्या पहिल्या ग्रामसभेपुढे ग्रामपंचायतीने वार्षिक हिशेब, मागच्या वर्षाच्या कारभाराचा अहवाल आणि शेवटची लेखापरीक्षा टिपणी तिच्या उत्तरांसह ठेवायची असते. ही टिपणी मागणं हा उपकार मागणं नाही. ती ठेवली नाही तर तसं इतिवृत्तात नोंदवून घ्या. पुढे कलम ३९ च्या चौकशीत ती नोंद कामी येते.

माहितीच्या अधिकाराचा वापर बहुतेक जण कागदाच्या प्रती मागायला करतात. २००५ च्या कायद्याचं कलम २(ञ) त्याहून पुढे जातं. कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचा हक्क त्यात आहे. गटाराच्या काँक्रीटचा नमुना मागता येतो. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील, तिथेही न्याय नाही मिळाला तर ९० दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे. म्हणून 'गेल्या पाच वर्षांतल्या सर्व कामांची माहिती' असं लिहू नका. एक काम धरा. त्याचं अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची संबंधित पानं आणि देयक, एवढंच मागा. या पाच कागदांवर सगळ्या सह्या असतात.

हातात कागद आल्यावर तक्रार तीन वेगळ्या अर्जांत फोडा. खोट्या मोजमापाबद्दल फिर्याद पोलिसांकडे. कर्मचाऱ्यांवरच्या शिस्तभंगाची आणि सरपंचावरच्या कलम ३९ च्या कारवाईची मागणी मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडे. वसुलीचा अर्ज जिल्ह्याच्या स्थानिक निधी लेखापरीक्षा कार्यालयाकडे, प्रत विभागीय आयुक्तांना. त्यात 'दोषींवर कठोर कारवाई' हे शब्द नकोत. असं लिहावं :

'अमुक वर्षी अमुक निधीतून झालेल्या गटार कामात मोजमाप पुस्तिकेप्रमाणे १५० मीटर, प्रत्यक्षात ९० मीटर. न झालेल्या ६० मीटरपोटी ३ लाख २० हजार रुपये प्रदान केले गेले. मोजमाप नोंदवणारे अधिकारी आणि प्रदानावर सह्या करणारे पदाधिकारी व अधिकारी यांची नावं, पदं आणि कार्यकाळ सोबत. स्थानिक निधी लेखापरीक्षा अधिनियम, १९३० खाली भार-अधिभाराचा प्रस्ताव विभागीय आयुक्तांकडे पाठवावा आणि त्याचा जावक क्रमांक व दिनांक मला कळवावा.'

महिन्याभरात जावक क्रमांक आला नाही, तर पुढचा माहिती अधिकार अर्ज फक्त त्या एका क्रमांकासाठी करावा.